जीएसटीची तुलना नुसत्या रकमेवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तू व सेवा कराच्या वसुलीचा नवा उच्चांक जाहीर झाला की आमच्या निपाणी-बेळगावच्या बाजारपेठेत करभार वाढल्याची चर्चा सुरू होते. परंतु २०१८-१९ मधील ११.७७ लाख कोटी रुपयांची ढोबळ वसुली २०२४-२५ मध्ये २२.०८ लाख कोटींवर गेली, तरी सकल देशांतर्गत उत्पादनातील तिचा वाटा सव्वासहा टक्क्यांवरून पावणेसातच्या आसपासच सरकला, कारण दरम्यान किमती आणि उलाढालही वाढल्या. न्यूझीलंडमध्ये हा कर १९८६ साली १० टक्क्यांनी सुरू झाला, १९८९ मध्ये साडेबारा आणि २०१० मध्ये १५ टक्के झाला. तेथे दूध-भाजीसुद्धा सुटलेली नाही (आपल्याकडे कोणी असे सुचवून पाहावे!), म्हणून वाटा साधारण नऊ ते दहा टक्के. आपल्याकडे पेट्रोल, डिझेल आणि मद्य या कराबाहेर असल्याने दोन्ही देशांचे आकडे शेजारी मांडणे फसवे ठरते. शिवाय निपाणीचा माल कोल्हापुरात खपला, तर राज्याचा हिस्सा कर्नाटकाऐवजी महाराष्ट्राला जातो. न्यूझीलंडमध्ये राज्येच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. आपण मासिक वसुलीच्या बातमीत परतावे वजा जाता उरणारी निव्वळ रक्कमही ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक किरकोळ व्यापारी, निपाणी