प्लास्टर काढताना झोपेचंही विचारा

महोदय,

इंदूरच्या एबी रोडवर, बायपासवर अपघात झाला की टाके, प्लास्टर, सीटी स्कॅन सगळं होतं. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे निर्धास्त होतात. पुढे तोच माणूस हॉर्नला दचकतो, मागच्या सीटवर बसूनही ब्रेक दाबावा तसा पाय ताठ करतो, राऊला जायला गल्लीबोळांतून फेरा घेतो. मग घरातच त्याला घाबरट ठरवतात. हा त्याच्यावर अन्याय आहे; हा घाबरटपणा नसून पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनाला जडणारा आजार, असू शकतो.

सीटीत रक्तस्राव, सूज, हाडाचा तडा दिसतो. मेंदूचं काम कसं चाललंय ते दिसत नाही. फंक्शनल एमआरआय या मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनच्या अभ्यासांत अशा रुग्णांमध्ये धोक्याची वर्दी देणारा मेंदूतला अमिग्डाला हा भाग बऱ्याचदा जास्त सक्रिय आढळतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग मंदावलेला. आठवणीला स्थळकाळ जोडणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं कामही बिघडतं. म्हणूनच हॉर्न आजचा असला तरी छातीत धडधड त्या दिवशीची होते. मात्र हे फरक गटाच्या सरासरीत दिसतात; एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही. तेव्हा या स्कॅनवर पैसे घालवू नका. निदान होतं ते नीट विचारपूस करून.

सुरुवातीचे काही आठवडे झोप उडणं स्वाभाविक आहे, बहुतेकांचं ते ओसरतं. महिना उलटूनही त्रास टिकला आणि कामाच्या आड आला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. झोपेसाठी परस्पर अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी सुरू करू नये; सवय लागते, भीती तशीच राहते. भेटायला येणाऱ्यांनीही प्रसंग खोदून विचारू नये.

उपचारात साधारण 8 ते 15 बैठका लागतात. भीती टप्प्याटप्प्याने मोडतात: आधी बंद गाडीत नुसतं बसायचं, मग इंजिन सुरू करून, मग कॉलनीत एक चक्कर, शेवटी मोठा रस्ता. प्रत्येक टप्प्यावर धडधड उतरेपर्यंत थांबायचं. घाई इथेच नडते. भीती ऐन भरात असताना गाडीतून उतरलं, तर 'पळालो म्हणून वाचलो' हेच मेंदूत पक्कं होतं.

हाडांच्या डॉक्टरांना कळकळीची विनंती: प्लास्टर बहुधा चार-सहा आठवड्यांनी निघतं, म्हणजे नेमकं विचारायच्या वेळी रुग्ण तुमच्यासमोर असतो. झोप लागते का, प्रसंग डोळ्यांपुढे येतो का, रस्ता टाळता का, चिडचिड वाढली का, एवढं विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहा. लगेच तज्ज्ञ मिळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

– एक मानसोपचारतज्ज्ञ, इंदूर