बाबा, तारीख घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता तुमच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी १२ डिसेंबरची तारीख घेतली आहे, रत्नागिरीला. फोनवर सांगितलं असतं तर ‘बघू’ म्हणून तुम्ही फोन आईकडे दिला असता. रागवा, पण पुरतं वाचा.

डॉक्टरकाका असते तर तुम्ही एव्हाना मोकळे झाला असतात. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हे तुम्ही बोलत नाही, तरी मला कळतं. त्यांच्या बाराव्यालाही मी पोचले नाही, ते अजून सलतंय. गेल्या खेपेला पडवीच्या गजावर त्यांच्या टाके घालायच्या काळ्या रेशमाच्या गाठी तशाच दिसल्या. हात चालता राहावा म्हणून तिथे बसून मारायचे ना? मी हट्ट केला की दम धरून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत, आणि दम सुटेपर्यंत किती झाल्या ते मी मोजायचे. कॉलेजच्या मैदानावर चढाईत मोडलेली करंगळी तेवढी बाहेर राहायची. तिला मी हळूच धरून ठेवायचे.

पट्ट्याने हर्निया बरा होत नाही, हे त्यांनीच तुम्हाला बजावलं होतं. आतडं अडकलं, त्याचा रक्तपुरवठा थांबला, की काही तासांत ते काळं पडतं. अशा वेळी मध्यरात्री आरे-वारेच्या रस्त्याने आई एकटी तुम्हाला कशी नेणार? आता केलं तर जाळी बसवून एक-दोन दिवसांत मालगुंडला परत. रत्नागिरीचे हे डॉक्टर आपल्या काकांच्याच हाताखाली शिकलेत. मी भेटले, घाई करत नाहीत.

मोहराच्या फवारणीचं गड्याशी बोलले आहे. दवाखान्यातली खोली तळमजल्यावर आहे, आईला शेजारीच पलंग, पेज करायला स्टोव्ह चालतो. मी १० तारखेला कोकणकन्येने निघते, तीन आठवडे आहे.

आई, आता बाबांना कळशी उचलू द्यायची नाही, नारळाची पोती तर नाहीच. खोकला अंगावर काढायचा नाही. रक्त पातळ करायची गोळी आपणहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तसं. बाबा, तपकीर आजपासून बंद.

कबड्डीच्या संघाचा तो फोटो पिशवीत घाला. काका मध्ये आणि तुम्ही कोपऱ्यात, खेळायचात तसेच.

पत्र मिळालं की फोन करा. बाबांनीच करावा.

तुमची,
छकुली