टेक्सासमधल्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पण पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. अमेरिकेत मूल शिकायला किंवा नोकरीला गेलंय अशी घरं आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि तुम्ही आम्हाला जे समजावून सांगितलंत ते त्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

माझ्या धाकट्या भावाची गाडी पश्चिम टेक्सासमध्ये हायवेवर थांबवली आणि त्याला अटक झाली. त्याने रूममेटला घाईघाईने तेवढं सांगितलं आणि फोन बंद झाला. कुठे नेलं, कुणी नेलं, काही पत्ता नाही. आम्ही इकडे सांगलीत. मराठी मंडळातल्या कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही तिथे एका वकिलांच्या ऑफिसात काम करता, एवढीच ओळख. तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी तुम्ही फोन उचललात.

मी भावाचं नाव सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, "नाव नंतर. आधी रस्ता सांगा." तो कुठून कुठे निघाला होता, शेवटचा फोन किती वाजता, लोकेशन शेवटचं कुठे दिसलं. टेक्सासमध्ये 254 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग आहेत, प्रत्येकीचा शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुख, वेगळा, लोकांनी निवडून दिलेला, आणि बहुतेक ठिकाणी जेल त्याच्याच ताब्यात. ज्या काउंटीच्या हद्दीत गाडी थांबवली तिथेच नोंद सापडणार, राहायचा पत्ता कुठलाही असो. हायवेवरचा पोलीस राज्याचा असला तरी माणूस त्या काउंटीच्या जेलमध्येच नेतात. काही काउंट्यांना तर स्वतःचं जेलच नाही, त्यांचे कैदी शेजारच्या काउंटीत ठेवतात, म्हणून आजूबाजूच्याही बघायच्या. लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत फक्त 64 माणसं होती, हे तुमच्याकडूनच कळलं. एवढ्याशा ठिकाणी ऑनलाइन यादी कुठून असणार?

राज्याच्या तुरुंगांची जी वेबसाइट आहे तिच्यावर शिक्षा झालेले लोक सापडतात. काल रात्री पकडलेला माणूस तिथे दिसणारच नाही. केंद्राच्या तुरुंगांची यादी निराळी, इमिग्रेशनवाल्यांची आणखी निराळी. त्या शेवटच्या यादीत नाव आणि जन्माचा देश टाकून तुम्ही स्वतः खात्री करून घेतलीत आणि म्हणालात, "तिथे दिसत नाहीये. आता काउंटीच्या मागे लागू." आई शेजारीच बसली होती. त्या वाक्यानंतर तिने पहिल्यांदा पाणी प्यायलं.

मग नावाचा घोळ. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन एका रकान्यात. जेलमध्ये नोंद करणाऱ्याने मधलं नाव आडनाव समजून लिहिलं तर आडनावावरून शोधून काही हाती लागत नाही. तुम्ही मला कागद घ्यायला लावलात, तिन्ही नावं उलटसुलट क्रमाने लिहायला लावलीत, एकेका नावाची जी स्पेलिंगं होऊ शकतात तीही. जन्मतारीख तिकडच्या पद्धतीने, आधी महिना मग दिवस. नाहीतर 5 ऑगस्टची 8 मे होते आणि समोरचा माणूस "असा कुणी नाही" म्हणून फोन ठेवतो.

फोन तुम्हीच लावलात, मला लाइनवर घेऊन. आणीबाणीचा नंबर सोडून शेरीफ ऑफिसचा साधा नंबर. त्या वेळी ऑफिसात एकच बाई होत्या, गस्तीवरच्या गाड्यांशीही त्याच बोलत होत्या आणि जेलच्या फोनलाही त्याच. मध्येच "थांबा हं" म्हणून दुसऱ्या कुणाशी बोलून परत आल्या. तुम्ही एकेक अक्षर सावकाश सांगत होतात, बी फॉर बॉय, डी फॉर डेव्हिड, चिडचिड नाही, आवाज चढवणं नाही. आडनावावर काही नाही. बाबांच्या नावावर सापडला. तुम्ही लगेच विचारलंत: बुकिंग नंबर काय, आरोप काय, बाँड म्हणजे जामीन ठरलाय का, मॅजिस्ट्रेटपुढे कधी नेणार, तब्येत बरी आहे का. त्या बाईंनी सगळं नीट सांगितलं. त्यांचेही आभार, त्यांना हे पत्र वाचता येणार नाही तरीही.

मराठीत तुम्ही मला समजावलंत की बुकिंग म्हणजे फोटो, बोटांचे ठसे, खिशातल्या वस्तूंची यादी आणि लावलेला आरोप यांची नोंद. गुन्हा सिद्ध झाल्याचा तो कागद नव्हे. टेक्सासमध्ये 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, आणि खेड्यातल्या काउंटीत ते काम बहुधा जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे छोट्या खटल्यांचे स्थानिक न्यायाधीश, करतात. घरी कुणी कळवेल या भरवशावर राहू नका, असंही म्हणालात. (आपल्याकडे डी. के. बसू खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेची खबर नातेवाइकाला द्यायला सांगितलं, ते किती मोलाचं आहे हे मला त्या रात्री कळलं.) ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवावं अशी मागणी भावाने स्वतः करायला हवी, 1963 च्या व्हिएन्ना कराराने त्याला तो हक्क आहे, हे त्याच्यापर्यंत तुम्हीच पोचवलंत.

दुसऱ्या दिवशी रूममेटला एक फोन आला. ताबडतोब गिफ्ट कार्डाने पैसे भरा, सोडतो. आम्ही भरलेही असते. तुम्ही ठाम सांगितलंत की शेरीफचं ऑफिस असे पैसे मागत नाही, बाँडबद्दल जे विचारायचं ते आपण जेलच्या नंबरवर फोन करून विचारायचं. फी घेऊन जामीन राहणाऱ्या बाँड्समनला दिलेली फी परत मिळत नाही, रोख बाँड भरला तर माणूस तारखांना हजर राहिल्यावर पैसे परत मिळतात, हा फरकही तुम्ही दाखवलात. भावाचा अटकेच्या वेळचा फोटो एका खासगी वेबसाइटवर आला तेव्हा आईने अन्न सोडलं होतं. अशा वेबसाइटवरची माहिती चुकीची किंवा अपुरी असेल तर ती काढायला पैसे मागणं टेक्सासच्या 2013 च्या कायद्यात बसत नाही, हे तुम्ही सांगितल्यावर ती जेवायला बसली.

भाऊ सुटला. खटला पुढे गेला नाही, रद्द झाला. आरोप काय होता ते इथे लिहायची गरज मला वाटत नाही.

मला वाटलं होतं तुमचं काम तिथे संपलं. पण पुढचं तुम्हीच काढलंत. जेलमधली नोंद वेगळी आणि कोर्टाची वेगळी. किरकोळ गुन्ह्याची फाइल काउंटी क्लार्ककडे, गंभीर गुन्ह्याची डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, आणि 8,000 पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत दोन्ही पदांना मिळून एकच माणूस असू शकतो. वकील म्हणत होते, नोंद पुसून टाकायचा अर्ज करू. तुम्ही म्हणालात, करा, पण आधी खटला रद्द झाल्याच्या आदेशाच्या शिक्का मारलेल्या प्रती काढून ठेवा, कारण एकदा नोंद नष्ट झाली की त्या मिळायच्या नाहीत. आणि व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का हा प्रश्न असतो, त्याचं उत्तर नोंद पुसली तरी खरंच द्यावं लागतं.

त्या प्रती भावाकडे आहेत. एक संच इथे आमच्या कपाटात, आईच्या पासबुकांशेजारी. वकिलांनी आता अर्ज दाखल केलाय.

तुम्ही पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. आईने घरचं मेतकूट केलंय आणि सांगलीचा भडंग बांधून ठेवलाय. तिकडे येणारं कुणीतरी पुढच्या महिन्यात निघतंय, पत्ता तेवढा कळवा.

तुमची,
सांगलीची धाकटी बहीण