आजीच्या नावापुढे काय लिहायचं

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, वर्षश्राद्धाला भाऊबंदांसमोर वाचायला तुम्ही जे पान लिहिलंय, ते आईने मला मोबाइलवर पाठवलं. दोन दिवसांत चार-पाच वेळा वाचलं. ‘गिरणी कामगाराच्या सहचारिणी, सोशिक, धर्मपरायण गृहिणी’ असं तुम्ही आजीबद्दल लिहिलंय. यातलं काहीच खोटं नाही. पण खानावळ त्यात कुठेच नाही, बाबा. वीस वर्षं आपल्या खोलीत चाललेली खानावळ.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुम्ही विषय बदलला असता आणि मीही गप्प बसले असते. म्हणून लिहितेय.

तुम्हाला तो शब्द का नको, याची मला थोडी कल्पना आहे. शाळेत पोरं तुम्हाला ‘खानावळवालीचा’ म्हणून हाक मारायची, हे आजीनेच मला सांगितलं होतं. तुम्हाला अभ्यासाला जागा नसायची. दहा बाय बाराच्या खोलीत पंगत उठल्याशिवाय दप्तर उघडायची सोय नव्हती. हे सगळं सोसलं तुम्ही, मी नाही. तरीही माझं ऐका.

गेल्या वर्षी उपचारांसाठी आजी माझ्याकडे डोंबिवलीला होती, ते शेवटचे तीन महिने. पहाटे चारला ती उठून बसायची आणि विचारायची, “भोंगो झालो काय गो?” आधी मला वाटायचं, तिला कसली तरी भीती वाटतेय. मग लक्षात आलं, तिला डब्यांची घाई झालेली असायची. पहिली पाळी सातची, म्हणजे सहाच्या आत डबे भरायला हवेत. रात्रपाळीवाले सात वाजता सुटून थेट जेवायलाच यायचे. दुसऱ्या पाळीचे साडेतीनला कामावर जाण्याआधी जेवून जायचे, त्यांची रात्रीची ताटं मध्यरात्रीनंतर. गिरणी तीन पाळ्यांत चालायची म्हणून माणसंही तीन पाळ्यांत जेवायची. चूल मात्र एकच आणि ती पेटवणारी बाईही एकच. जेवायला सोळा मेंबर होते तेव्हा. आजोबा आठ तास लूमवर उभे राहून घरी येऊन झोपायचे. ती कधी झोपायची, हे मी तिला विचारलं होतं. तिला आठवेना.

एका पहाटे तिला काही केल्या झोपवता येईना, म्हणून मी कणीक मळून परात तिच्यापुढे ठेवली. माझं नावसुद्धा तिला धड आठवत नव्हतं तेव्हा. तिने गोळा हातात घेतला, पिठात बुडवला, पोळपाटावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मेंबराची की घरची?” मला काही कळलं नाही. मी म्हटलं, “मेंबराची.” तशी तिने लाटी पसरली, बोटाने तेल फिरवलं, घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि चपाती गोल लाटली. दुसरा गोळा घेतल्यावर मी म्हटलं, “घरची.” तो तिने सरळ लाटला. तेल नाही, घडी नाही.

आई, तू या घरात आलीस तेव्हा खानावळ बंद होऊन आठ वर्षं झाली होती, तरी आजी स्वतःच्या चपातीला कधी तेल लावायची नाही. तुला वाटायचं, तिला तेलकट चालत नाही. मलाही तसंच वाटायचं.

बाबा, माझ्या आठवणींपेक्षा तुमच्या आठवणी जुन्या आहेत. चुकलं तर दुरुस्त करा. 1972 ला महागाई भडकली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांचा लाटणं मोर्चा काढला, तेव्हा आजी गेली होती ना? दुपारच्या ताटांनंतर गेली आणि रात्रीच्या ताटांआधी परत आली, असं ती सांगायची. गेली तेव्हा तिच्या हातात होतं तेच लाटणं, ज्याने त्या रात्री पुन्हा चपात्या लाटल्या. मधोमध झिजलेलं ते लाटणं माझ्याकडे आहे.

आणि 1974 चा 42 दिवसांचा संप. तेव्हा उधारीवर गिरणगावाला जेवू घातलं ते या खानावळवाल्यांनी. स्वतः वाण्याचं देणं करून, सावकाराकडे दागिना ठेवून. गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत कामगारांमध्ये काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिलं आणि 1975 मध्ये याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज या बायकांना मिळायला लागलं. आजीही त्यात होती. कर्जाच्या कागदासाठी सही शिकताना तिने रेशनच्या पिशवीवर खडूने गिरवलं होतं, हे सांगताना ती अजूनही लाजायची. सरकारी, बँकेच्या कागदाला त्या बाईचा धंदा दिसला होता, बाबा. आपल्याच कागदावर तो नको का?

आता अवघड गोष्टीकडे येते. 18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तुम्ही बारावीत होतात. दोन महिन्यांत मिटेल, असं सगळेच म्हणत होते. मेंबरांचे पगार बंद झाले, पण आजीने एकाचंही ताट बंद केलं नाही. “संप गिरणीचो आसा, पोटाचो नाय,” एवढंच तिचं म्हणणं. पाच महिने हे चाललं. मग एकेक जण परळ डेपोतून एसटीने गावी जाऊ लागला, “दिवाळीनंतर येतो, तेव्हा फेडतो” म्हणत. संप मिटल्याचं कोणी कधी जाहीर केलंच नाही, आणि परत येणारे फारच थोडे. आजीच्या पाटल्या गेल्या, त्या गेल्याच.

तुमची कॉलेजची फीसुद्धा त्याच उधारीत गेली, हे मला गेल्या वर्षी कळलं. तुम्ही चौदावी सोडून त्या गोडाऊनमध्ये हिशेबनीस म्हणून लागलात, ते यामुळे. आम्हा पोरांना तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. तुम्हाला आजीचा राग आला असेल तर तो रास्तच आहे, असं मला वाटतं. परक्यांची पोटं भरली आणि पोराचं शिक्षण राहिलं. त्या पानावर खानावळ न येण्यामागे शाळेतल्या हाकेपेक्षा हेच जास्त असावं.

पण तिला ते माहीत होतं, बाबा. पहाटेच्या त्या चपात्या भाजून झाल्यावर तिने घडीच्या वेगळ्या काढून झाकल्या आणि मला म्हणाली, “ह्यो झिलाक ठेव. कॉलेजातसून येतलो.” दोन्ही वेळच्या भाकऱ्या-चपात्यांत तिने तुम्हाला मेंबरांत धरलं होतं. घरची चपाती फक्त तिची आणि आजोबांची.

एवढं कळल्यापासून मला ते पान तसंच वाचलं जावं असं वाटत नाही. गृहिणी हा शब्द राहू द्या. त्याच्या आधी लिहा: ‘लालबागला 1962 ते 1982 खानावळ चालवली.’ वाचताना तुम्हाला जड जाणार असेल तर मी वाचेन. भाऊबंदांतले निम्मे तर तिच्या हातचं जेवूनच मुंबईत टिकले. त्यांच्यासमोर लपवायचं तरी काय?

आई, कोकणकन्येचं तिकीट काढलंय, शुक्रवारी सकाळी कणकवलीला उतरेन. लाटणं सोबत आणतेय. वडे-खीर तू करशीलच, पण चपात्या माझ्याकडे ठेव. सगळ्या घडीच्या करणार आहे, तेल लावून. आजीच्या पानावरचीसुद्धा.

तुमची लेक