सायलेन्सर बदलण्याआधी गळती शोधा

संपादक महोदय,

जुन्या गाडीचा आवाज वाढला की सायलेन्सर बदलायचा, असं जणू ठरूनच गेलं आहे. नवा सायलेन्सर बसतो आणि बऱ्याचदा आवाज जिथल्या तिथे राहतो, कारण गळती मागे नसतेच. ती इंजिनाला लागून असलेल्या, सगळ्या सिलिंडरांचा धूर एका पाइपात आणणाऱ्या मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये, पुढच्या पाइपच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या कडेवर) किंवा जाळीदार लवचिक पाइपात असते. गाडीचं जास्त नुकसानही ही पुढची गळतीच करते.

एक्झॉस्टमधला वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि गळतीच्या फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असं झालं तर सेन्सरला वाटतं की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, मायलेज घसरतं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जास्त तापून कामातून जातो. मग कुणी सेन्सर बदलतं, कुणी कन्व्हर्टर. पॅकिंगकडे कुणी बघत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत सहसा सेन्सर नसतो, पण रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट बार होत असतील तर आधी हीच शंका घ्यावी. टर्बो डिझेलमध्ये टर्बोच्या आधी गळती असली की ओढ कमी होते आणि काळा धूर निघतो.

माणसाला धोका असतो कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या पत्र्याला पडलेली भोकं, गिअरच्या दांड्याचं फाटलेलं रबर, मागच्या दाराचं सुकलेलं रबर, यांतून तो आत येतो. गाडीत बसल्यावर डोकं जड होतं, मळमळतं आणि खाली उतरल्यावर बरं वाटतं, असं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी चालवू नये. काचा उघड्या ठेवून भागवणं हा उपाय नव्हे. गाडीची रचना आणि वेग यांनुसार मागचा धूर उलट आतही ओढला जातो.

गळती शोधायची तर इंजिन पूर्ण थंड हवं. मॅनिफोल्डची गळती इंजिन चालू केल्याबरोबर टकटक करते, रेसबरोबर टकटक जलद होते आणि लोखंड तापून फुगलं की बरेचदा विरून जाते. मालक गाडी चालवत गॅरेजात नेतो, तोवर आवाज गेलेला असतो, म्हणून अशा तपासणीसाठी गाडी आदल्या संध्याकाळीच सोडून यावी. हाच आवाज टॅपेटचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) समजून टॅपेट सेट करणारेही आहेत. फरक ओळखायला एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघा. आवाज लगेच मंदावला तर गळती त्या सिलिंडरच्या तोंडाशी आहे. टॅपेट वाजायचा थांबत नाही. मग टॉर्च घेऊन जोड पाहा. वायू निसटतो तिथे काजळीचा काळा फराटा उमटतो, कधी करडा.

बाकीच्या पाइपसाठी साबणाचं पाणी सर्वांत खात्रीचं. इंजिन बंद आणि थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकण्याच्या बाजूला जोडून मागच्या पाइपात चिंधीने घट्ट बसवा आणि प्रत्येक जोडावर, वेल्डवर साबणपाणी फवारा. बुडबुडे जागा दाखवतात. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर पाणी मारू नका, तडा जातो. गाडीखाली शिरायचं तर ती घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर नको. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण गंज थेट तोंडावर पडतो. सायलेन्सरच्या तळाला कारखान्यातूनच पाडलेलं एक बारीक भोक असू शकतं. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं, त्यातलं साचलेलं पाणी तिथून निथळतं. ते भोक गळती समजून वेल्डिंगने बुजवलं की सायलेन्सर आतून सडलाच म्हणून समजा. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर लवकर जातात तेही याच पाण्यामुळे, ते सुकण्याइतका पाइप तापतच नाही.

मॅनिफोल्ड काढताना स्टड (इंजिनात रोवलेला, नट बसायचा आटेदार दांडा) तुटणं हीच खरी डोकेदुखी. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. नट सोडण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग थोडं पुढे, थोडं मागे करत काढावा. नटच अडला तर पेट्रोलची लाइन दूर आहे ना, हे बघून तेल पुसून फक्त नट तापवावा. स्टड तुटून थोडा वर राहिला असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवता येतो. त्या उष्णतेनेच बहुधा तो सुटतो.

मॅनिफोल्ड हातात आल्यावर त्याच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सपाटी तपासा. गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा वाक जास्त असेल तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर तोंड सपाट करून घ्या. हे टाळलं तर नवं पॅकिंगही टिकणार नाही. जुन्या पॅकिंगचे पोपडे खरवडून काढा, पॅकिंग कोरडंच बसवा, नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला दोन-तीन टप्प्यांत आवळा आणि ताण मॅन्युअलप्रमाणे टॉर्क पान्याने द्या. साधा सिलिकॉन सीलंट इथे लावू नका; तो या उष्णतेत टिकत नाही आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. तडा गेलेलं बीड वेल्ड करता येतं, पण आधी तापवून, निकेलच्या रॉडने आणि सावकाश थंड करत. एवढं करूनही शेजारी नवा तडा जाऊ शकतो. मॅनिफोल्ड मिळत असेल तर बदलावा.

स्प्रिंग लावलेल्या बोल्टांचा गोल फ्लँज जोड मात्र करकचून आवळायचा नसतो. इंजिन हलतं तेव्हा तो जोड लवायला हवा. तिथे स्प्रिंग काढून साधे बोल्ट ठोकले की लवचिक पाइप फाटतो. पॅकिंग किंवा पाइप पुन्हापुन्हा जात असेल तर इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ती रबरं) आणि पाइप टांगायची रबरं तपासा. सारा झोका त्या एका जोडावर येत असतो.

पाइपाला भोक असेल तर भोकाभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. तो दबत असेल तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही, पहिल्याच खड्ड्यात शेजारी नवं भोक पडेल. निरोगी पत्र्यापर्यंत कापून साधारण ४ ते ५ सेंटीमीटर आत जाईल अशी बाही चढवावी. पाइप रबरांवर टांगलेला असतानाच वेल्डचे चार टाके मारावेत, मगच पूर्ण वेल्ड. नाहीतर तो ताणात बसतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि सेन्सर काढलाच पाहिजे. पट्टी आणि पेस्ट घरी पोचण्यापुरती ठीक.

काम झाल्यावर साबणपाण्याची तपासणी परत करावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पुन्हा एकदा आवाज ऐकावा. नव्या पाइपावरचं तेल जळून पहिली काही मिनिटं धूर निघतो, त्याने घाबरू नये.

आपला,
मोटारदुरुस्तीच्या धंद्यातला एक वाचक