तापीतही परके मासे

महोदय,
जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून, परके शिंपले बंदरांत पसरतात. ते रोखण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला. आमच्या खान्देशात समुद्र नाही, पण दुखणे तेच. परवा भुसावळच्या बाजारात टोपली पाहिली, वर दोन देशी मरळ मासे आणि खाली सगळी चिलापी! मूळचा आफ्रिकेचा हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे ती भराभर वाढतात आणि देशी माशांचे खाद्य संपवतात. बंदी असलेला आफ्रिकी मांगूर तर त्याहून खादाड. पुरात शेततळे फुटले की थेट नदीत. धरणात मत्स्यबीज सोडण्याआधी ते तपासलेच पाहिजे.

— एक वाचक, भुसावळ