दूरच्या पक्ष्यासाठी ‘किती एक्स’ हा प्रश्नच चुकीचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पक्ष्यांचे फोटो काढायला कॅमेरा घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, ‘किती एक्स झूम?’ कॅमेऱ्यांची ओळख करून देणारे लेखही बहुधा याच आकड्याने सुरू होतात. लांबच्या पक्ष्याच्या बाबतीत या आकड्यातून काहीच कळत नाही. एक्स म्हणजे लेन्सच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड फोकल लेंथचे (लेन्स दूरचे किती मोठे दाखवते ते सांगणाऱ्या, मिलिमीटरमधल्या मापाचे) गुणोत्तर. निकॉनच्या पी १००० ची झेप फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या, हिशेबाने २४ ते ३००० मिमी, म्हणून तो १२५ एक्स. पक्षीछायाचित्रकारांच्या हातात सर्रास दिसणारी १८०-६०० लेन्स या मापाने साडेतीन एक्सही भरत नाही. ६०० मिमीच्या स्थिर लेन्सला तर झूमच नाही, आणि दूरच्या पक्ष्याचे सर्वांत चांगले फोटो तिच्यातूनच निघतात.

त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. पक्ष्यावर किती पिक्सेल पडतील? आणि पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश लेन्स गोळा करील?

पहिल्याचे उत्तर साध्या त्रैराशिकाने मिळते. पक्ष्याच्या लांबीला अंतराने भागायचे आणि फोकल लेंथने गुणायचे. चिमणीएवढा, १५ सेंमीचा पक्षी २० मीटरवर बसला असेल, तर ५०० मिमीची लेन्स सेन्सरवर त्याची ३.७५ मिमी लांब प्रतिमा पाडते. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो आणि त्या रुंदीत ६००० पिक्सेल असतात, म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला सव्वासहाशे पिक्सेल आले. तेवढेच मेगापिक्सेल असलेल्या, साडेतेवीस मिमी रुंद एपीएस-सी सेन्सरवर तोच पक्षी साडेनऊशे पिक्सेल व्यापतो. ३०० मिमीची लेन्स आणि फुल फ्रेम असेल, तर जेमतेम पावणेचारशे. इतक्यात पिसांची वीण दिसत नाही. फार तर जात ओळखता येते. म्हणून ज्यांच्याकडे लेन्सचे बजेट मर्यादित आहे, त्यांनी २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीकडे न वळता एपीएस-सी बॉडी घ्यावी आणि उरलेले पैसे लेन्सवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमने पिक्सेलांतला हा फरक जवळपास भरून निघतो, पण वजन आणि खर्च दोन्ही वाढतात.

दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा कोणी बघत नाही. फोकल लेंथला लेन्सवर लिहिलेल्या एफ-आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, व्यास कळतो. ६०० मिमी एफ ६.३ म्हणजे सुमारे ९५ मिमी. ६०० मिमी एफ ११ म्हणजे जेमतेम ५५ मिमी, म्हणजे प्रकाश एक तृतीयांश. पी १००० ची खरी कमाल फोकल लेंथ ५३९ मिमी आहे (३००० हा फुल फ्रेमच्या हिशेबाचा आकडा) आणि तिथे अ‍ॅपर्चर एफ ८, म्हणजे वाट ६७ मिमीची. शिवाय त्याचा सेन्सर फक्त ६ मिमी रुंद आहे आणि त्यात १६ मेगापिक्सेल बसवलेले आहेत. एफ ८ ला प्रकाशाचा प्रत्येक बिंदू विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद वाटेतून जाताना प्रकाश फाकल्यामुळे, पसरतो आणि इतक्या बारीक पिक्सेलांवर तो सुमारे आठ पिक्सेल रुंदीचा ठिपका होतो. पक्षी पडदाभर दिसतो खरा, पण दिसणाऱ्या पिक्सेलांएवढा तपशील त्यात नसतो. तलावाच्या पलीकडच्या काठावरचा पाणपक्षी नोंदीसाठी ओळखायचा असेल, तर असा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा) किंवा स्पॉटिंग स्कोपला (पक्षी पाहण्याच्या एकनळी दुर्बिणीला) जोडलेला फोन उत्तम काम देतो. उडता पक्षी किंवा पिसांचा पोत हवा असेल, तर त्यावर पैसे घालू नयेत.

टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून फोकल लेंथ वाढवणारा जोड, याबद्दल विक्रेते फार उदार असतात. १.४ पटीचा कन्व्हर्टर निम्मा प्रकाश खातो, २ पटीचा तीन चतुर्थांश. एफ ४ ची लेन्स १.४ लावून एफ ५.६ झाली तर काही बिघडत नाही. एफ ६.३ च्या झूमला तो लावला की एफ ९ होते, कमी उजेडात ऑटोफोकस चाचपडू लागतो आणि लेन्सचे दोषही मोठे होऊन दिसतात. जुन्या डीएसएलआर (आरशाचे कॅमेरे) तर एफ ८ च्या पलीकडे फोकसच धरत नाहीत, आणि एफ ८ लाही बऱ्याचदा फक्त मधला बिंदू चालतो.

इमेज स्टॅबिलायझेशनमुळे हाताची थरथर आवरते, पक्ष्याची हालचाल नाही. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो, मात्र तो सतत मान हलवत असेल तर १/१००० लागतो. घार, बगळा यांच्या उड्डाणाला १/२०००. पाकोळीसारख्या चपळ पक्ष्याला १/३२०० किंवा त्याहून जलद. एफ ६.३ आणि १/२००० म्हटले की ढगाळ सकाळी आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) २००० ते ४००० वर जातो. तो जाऊ द्यावा. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेले पीस सरळ करता येत नाही.

ऑटोफोकसमध्ये पक्ष्याचा डोळा ओळखणारी मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी आता खरोखर उपयोगी ठरते, कारण फोकस थेट सेन्सरवर मोजला जात असल्याने डीएसएलआरमधली पुढे-मागे फोकस होण्याची तक्रार उरत नाही. मात्र दाट फांद्यांत हीही चकते; तिथे लहान एकेरी बिंदू वापरावा. १० मीटरवर ६०० मिमी एफ ६.३ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १० सेंमी असते, त्यामुळे पुढच्या पानावर फोकस गेला की पक्षी गेलाच. लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारा खटका) दूरच्या टप्प्यावर ठेवला की जवळ-दूर फिरण्यातला वेळ वाचतो. इलेक्ट्रॉनिक शटरचा आवाज नसतो, पण साधा सेन्सर वाचायला सेकंदाचा पंधरावा ते साठावा भाग लागतो आणि तेवढ्यात फडफडणारे पंख वाकडे येतात. स्टॅक्ड (झटपट वाचला जाणारा) सेन्सर नसेल तर उड्डाणासाठी मेकॅनिकल शटरच ठेवावे. कार्ड किमान व्ही ६० (सेकंदाला ६० एमबी लिहिणारे). बर्स्टमध्ये (सलग वेगाने फोटो घेताना) बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरला की कॅमेरा ऐन क्षणी थांबतो.

आता उपकरणांना ज्याचा फुकट दोष दिला जातो, त्याविषयी. तापलेल्या जमिनीवरून हवेचे कमी-जास्त उष्ण थर वर चढतात आणि त्यातून येणारा प्रकाश वाकत राहतो. ५० मीटरवरचा पक्षी अशा तापलेल्या दुपारी कुठल्याही लेन्सने बहुधा धुरकटच येतो, आणि जितकी लेन्स लांब तितका हा दोष ठळक. लोक मात्र लेन्स बदलून घेतात. बिघाड ओळखण्याची रीत अशी: फोकस चुकला असेल तर पक्ष्याच्या पुढचे किंवा मागचे गवत तरी धारदार असते. हात हलला असेल तर डोळ्यातला चमकता ठिपका एका दिशेला ओढला जातो. दोष हवेचा असेल तर चित्रात कुठेच धार नसते आणि एकाच बर्स्टमधल्या प्रत्येक फ्रेममध्ये कडा निराळ्या वळलेल्या दिसतात. यावर उपाय म्हणजे सकाळची वेळ आणि कमी अंतर. अंतर निम्मे झाले की पक्ष्यावरचे पिक्सेल लांबीत दुप्पट, क्षेत्रफळात चौपट होतात; ३०० ची लेन्स टाकून ६०० ची घेतल्यानेही एवढेच मिळते. घरट्याजवळ मात्र हा उपाय कोणीही वापरू नये. थंड खोलीतून किंवा गाडीतून काढलेली लेन्स पंधरावीस मिनिटे बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर हुडच्या आतच ही थरथर तयार होते. लांब लेन्सवर स्वस्त यूव्ही फिल्टर लावू नये, धार जाते.

सुमारे २ किलोची लेन्स हातात धरून उडता पक्षी टिपता येतो, पण दहा मिनिटांनी हात खाली येतात. मोनोपॉड पुष्कळांना पुरतो. लपणात तासन्‌तास बसायचे असेल तर ट्रायपॉडवर गिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरू देणारा सांधा) घ्यावे आणि लेन्सच्या पायाखालची प्लेट लांब असावी, म्हणजे बॉडीसकट तोल साधता येतो. गाडीच्या खिडकीत बीन बॅग (दाण्यांनी भरलेली पिशवी) सर्वांत चांगली, इंजिन बंद करून.

विकत घेण्याआधी लेन्स एक दिवस भाड्याने घ्यावी. सकाळी सावलीत १५ मीटरवर वर्तमानपत्राचे पान ताणून लावावे, ट्रायपॉडवरून २ सेकंदांच्या टायमरने, लांबातल्या लांब टोकाला आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला दहा फोटो घ्यावेत आणि दरवेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावावा. मग एफ ८ ला तसेच दहा. दोन्हींतला मजकूर सारखाच वाचता येत असेल तर लेन्स चांगली. एफ ८ लाच वाचता येत असेल, तर ती व्यवहारात एफ ८ ची लेन्स समजून हिशेब करावा. दहांत तीन-चार फोटो नरम आले तर दोष फोकसचा. पान फ्रेमच्या डाव्या आणि उजव्या कडेला घेऊनही पाहावे. एकच बाजू सतत नरम येत असेल तर आतल्या काचा सरकलेल्या आहेत, तो नग परत करून दुसरा मागावा.

कळावे,
एक पक्षीछायाचित्रकार वाचक